शेवाळाचं विरजण

आमच्या सोसायटीत शेवाळाला कुणी बोलावत नाही. जून उजाडला की ते आपलं आपण येतं. पार्किंगच्या उतारावर येतं, गच्चीतल्या टाकीवर येतं, तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवृंदावनावर येतं. एका पावसाळ्यात खुद्द सेक्रेटरी त्यावरून घसरले आणि ब्लीचिंग पावडर आणण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमतानं मंजूर झालेला हा एकमेव ठराव. मीही हात वर केला होता. सभा आटोपून तिसऱ्या मजल्यावर घरी आलो आणि त्याच हातात ड्रॉपर धरून, शेवाळ यावं म्हणून पाण्यात थेंब मोजत बसलो.

हे शेवाळ वेगळं, असं मी घरात सांगून पाहिलं.

"वेगळं म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"गुलाबी असतं. आणि दगडासारखं टणक."

यावर ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा काय बोलते, हे मला सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर कळू लागलं आहे.

तर प्रकरण असं. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी हॉलमध्ये समुद्र आणायचं ठरवलं. पुण्यात समुद्र नाही, एवढी एक गोष्ट सोडली तर पुण्याला काही कमी नाही हे सगळे जाणतातच. ती उणीव मी माझ्यापुरती भरून काढायला घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी, तिच्यात पावणेदोनशे लिटर पाणी आणि त्या पाण्यात सहा किलो मीठ. घरच्या बरणीतलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत आमटीतल्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बऱ्याच भानगडी असतात. या सगळ्या भानगडी मोजूनमापून कालवलेलं मीठ परदेशातून बादलीत बसून येतं. त्या बादलीचं बिल चुकवताना मला दांडीयात्रा नव्यानं समजली.

"त्यापेक्षा अलिबागहून दोन कॅन भरून आण की," मेहुण्यानं सुचवलं. मेहुणे सुचवतातच. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, बोटींचं डिझेल असतं, पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या की निम्मा खारटपणा जातो. शिवाय ते कॅन उचलायला मेहुणा येणार नव्हता.

मला बिघडवलं ते फोटोंनी. परदेशातल्या लोकांच्या टाक्यांचे फोटो. त्यांत मासे होते, प्रवाळ होते, पण माझी नजर अडकली ती मागच्या दगडांवर. एकेका दगडावर राणी, डाळिंबी, वांगी अशा रंगांची पुटं चढलेली, जणू कुणी पैठण्या वाळत घातल्या आहेत. माझ्या टाकीतले दगड पांढरेफटक होते. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, 2001 पासून त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलेलं आहे. त्यामुळे समुद्रातला जिवंत खडक उचलून आणायची सोय नाही, आणि नाही तेच बरं. मी आणले ते कारखान्यात बनवलेले कोरडे दगड. पाणी भरून दिवा लावला तेव्हा टाकी नव्या फ्लॅटसारखी दिसत होती. सगळं आहे, पण कुणी राहत नाही.

त्या पैठणीचं नाव कोरलाइन शेवाळ. ही लाल शेवाळांची एक शाखा. बाकीची शेवाळं मऊ, बुळबुळीत, लाचार. ही मात्र पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेते आणि आपल्या पेशींच्या भिंतींत चुनखडी भरते, म्हणजे प्रत्येक पेशी स्वतःपुरती चुनेगच्चीची खोली बांधते. समुद्रात प्रवाळांचे तुटके तुकडे सांधून ठेवायचं, खडकाच्या बाहेरच्या कडेवर बसून लाटांचा मार खायचा, ही कामं तिची. प्रवाळांच्या कितीतरी जातींची पिल्लंसुद्धा बूड टेकायला तिचाच पृष्ठभाग शोधत येतात. प्रवाळाला बिल्डर म्हटलं तर हे शेवाळ गवंडी. आणि गवंड्याचं नाव पाटीवर कधीच नसतं.

हे शेवाळ आहे हे कळायलाही माणसांना बराच वेळ लागला. जॉन एलिस नावाचा लंडनचा एक लिननच्या कापडाचा व्यापारी होता. त्यानं 1755 साली कोरलाइनवर पुस्तक लिहिलं आणि हे प्राणी आहेत असं ठामपणे सांगितलं. तीन वर्षांनी लिनियसनंही त्यांना प्राण्यांतच बसवलं. ही वनस्पती आहे हे रुडॉल्फ फिलिपी या जर्मन माणसानं नीट दाखवून दिलं तेव्हा 1837 साल उजाडलं होतं. हे मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं, कारण तिनंच विचारलं होतं, की हे झाड आहे का जीव. ती म्हणाली, "मग चतुर्थीला चालतं ना?"

प्रवाळ मी अजून आणलेले नव्हते. आधी गवंडी, मग बिऱ्हाडकरू, असा हिशेब. टाकीत दोन नारिंगी क्लाउनफिश, चार गोगलगायी आणि मी, म्हणजे कोपरापर्यंत.

आता गवंड्याला माल पुरवायला हवा. समुद्रात लिटरमागे कॅल्शियम 410 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास, आणि तिसरी ती अल्कलिनिटी, जिला या नादातले लोक लाडानं केएच म्हणतात. ती आठ-नऊवर ठेवायची. कॅल्शियम आणि कार्बोनेट ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडायला कायम टपलेली असतात. पडली की चुनखडी होऊन तळाला बसतात आणि कुणाच्याच उपयोगाची राहत नाहीत. त्यांना एका घरात ठेवून लांब ठेवायचं काम मॅग्नेशियम करतं. प्रत्येक लग्नघरात अशी एक आत्या असते. ती काही करत नाही, फक्त मध्ये बसून असते.

हे आकडे तपासायला छोट्या बाटल्यांचे संच मिळतात. कॅल्शियमच्या चाचणीत पाणी आधी गुलाबी होतं, मग थेंब थेंब औषध टाकत जायचं, आणि ज्या थेंबाला ते निळं होईल तो थेंब म्हणजे उत्तर. पण गुलाबी आणि निळा यांच्यामध्ये केवढा मोठा मुलूख पसरला आहे, हे संचातल्या कागदावर लिहिलेलं नसतं. माझं उत्तर कधी 360 यायचं, कधी 480. शेवटी बायकोला हाक मारली.

तिनं बाटली उजेडाकडे धरली. "हा वांगी आहे."

आणखी एक थेंब.

"अजून वांगीच. जरा जांभळाकडे."

आणखी एक.

"थांबा. हा चिंतामणी. झाला."

लक्ष्मी रोडवर तीस वर्षं घासून तयार झालेली नजर ती, तिच्यापुढे शास्त्र काय करणार? तेव्हापासून घरात चाचणी तीच करते आणि माझ्या वहीत नोंदी अशा आहेत: "रविवार. कॅल्शियम 430, पक्का चिंतामणी."

कॅल्शियम वाढवायचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. जर्मन लोक याला काल्कवासर म्हणतात आणि तेवढ्या नावावर ती महाग विकली जाते. आपण मात्र सातवीत स्ट्रॉनं फुंकून ती दुधाळ करून बसलेले. मी सरळ कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवर गेलो आणि अर्धा किलो चुना मागितला. टपरीवाला माझ्या दातांकडे बघत राहिला. पुढे कळलं की पानाच्या चुन्यात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. मग बोहरी आळीत जाऊन प्रयोगशाळेतला शुद्ध चुना आणला. ही निवळी भलती कडक असते, म्हणून एकदम ओतायची नाही. रात्री दिवे बंद झाले की पाण्याचा पीएच उतरतो, तेव्हा सलाईनच्या नळीनं थेंब थेंब सोडायची. आमच्या हॉलमध्ये रात्री टाकीला सलाईन लागलेलं असतं. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं ते पाहून हळू आवाजात विचारलं होतं, "घरात कोण आजारी आहे?"

केएच वाढवायला खायचा सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजायचा, की त्याचा धुण्याचा सोडा होतो. नानकटाईच्या ट्रेमध्ये भाजू नये. हे मला नंतर सांगण्यात आलं.

एकदा घाई झाली. पाहुणे यायचे होते आणि दोन्ही आकडे खाली होते. मी कॅल्शियमचं द्रावण ओतलं आणि पाठोपाठ, त्याच कोपऱ्यात, सोड्याचं. आत्या त्या दिवशी कुठे होती कोण जाणे. डोळ्यांदेखत टाकीचं ताक झालं. पाहुणे आले तेव्हा हॉलमध्ये तीन फुटी पांढराशुभ्र ठोकळा उजळलेला होता आणि त्यातून मधूनच एखादं नारिंगी शेपूट दिसून नाहीसं होत होतं. "आत काय आहे?" त्यांनी विचारलं. "समुद्र," मी म्हणालो. सकाळपर्यंत पाणी निवळलं, मासे वाचले, पण पंपाच्या अंगावर चुन्याचा असा थर बसला की तो व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा लागला.

एवढं करून काही येत नव्हतं असं नाही. येत होतं, नको ते येत होतं. आधी तपकिरी धूळ आली. मग हिरवे केस आले, चांगले बोटभर लांब, एखाद्या तरुणाला हेवा वाटावा असे. आणि मग अकराव्या आठवड्यात एका सकाळी चहाचा कप घेऊन टाकीपुढे उभा राहिलो तर समोरच्या मोठ्या दगडावर तळहाताएवढा डाग. लालसर. डाळिंबीकडे झुकणारा.

मी पेढे आणले.

वरच्या मजल्यावरच्यांनी पेढा हातात घेऊन विचारलं, "नातू?"

"नाही, शेवाळ आलं."

"आलंय होय," ते म्हणाले, "आमच्याकडेही आलंय. बाथरूमच्या कोपऱ्यात." आणि पेढा खाल्ला.

दुपारी मी ठाण्याच्या एका मुलाला फोटो पाठवला. हा मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, कॉम्प्युटरवाला, या नादात आठ वर्षं मुरलेला. माझी त्याची ओळख एका मीठ विकणाऱ्यामुळे झाली. त्याचा लगेच फोन आला.

"काका, नखानं खरवडून बघा."

मी बाही वर करून हात घातला. "निघालं."

"कसं निघालं?"

"साय निघते तसं. आख्खी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "वर बुडबुडे आहेत का?"

"आहेत ना! मोत्यांसारखे. फार छान दिसताहेत."

"काका, ते सायनो आहे."

सायनो म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हेच, जिवाणू. दोन अब्ज वर्षांहूनही आधी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू सोडायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांचे हे वंशज. तेवढ्या पुण्याईवर माझ्या टाकीत फुकट राहायचा हक्क त्यांना आहे, असं त्यांचं म्हणणं दिसलं. खरं कोरलाइन नखाला दाद देत नाही. ते दगडाला चिकटलेलं नसतं, दगडच झालेलं असतं. पेढे परत मागता येत नाहीत.

"फॉस्फेट किती आहे?" त्यानं विचारलं. पाहिलं तर भलतंच. फॉस्फेट जास्त झालं की नको त्या शेवाळांना मेजवानी, आणि चुनखडीच्या वाढत्या स्फटिकांवर मात्र ते ठाण मांडून बसतं, पुढचा थर चढूच देत नाही. म्हणजे विटा आहेत, गवंडी आहे आणि रस्ता अडवून कुणीतरी उभं आहे. आता हे एवढं फॉस्फेट येतंय कुठून? मासे दोन. मी दिवसातून एकदा चिमूटभर खाणं घालणारा.

तपास आईपर्यंत पोचला. आई दिवसातून पाच वेळा घालत होती. "मग काय करू? मी समोर आले की तोंड उघडून मागतात बिचारे." मासे श्वास घेण्यासाठी तोंड उघडतात, असं मी समजावलं. "श्वासाला एवढं तोंड लागत नाही," ती म्हणाली. मी खाण्याची डबी फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. चार दिवसांनी टाकीच्या तळाशी भाताची शितं सापडली.

दिव्याचाही घोळ होताच. झाड म्हटलं की ऊन, या हिशेबानं मी टाकीवर लग्नाच्या हॉलसारखा उजेड पाडला होता. कोरलाइनच्या अंगी निळा-हिरवा प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असतं, म्हणून तर ते आपल्याला गुलाबी दिसतं. 1984 साली बहामाजजवळ पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांना 268 मीटर खोल पाण्यात कोरलाइन सापडलं. तिथे वरच्या उजेडाचा दोन लाखांत एक हिस्सासुद्धा जेमतेम पोचतो. इतक्या काटकसरीनं राहणाऱ्याला मी हॅलोजनच्या हौसेनं भाजत होतो. दिवे निम्म्यावर आणले. विजेचं बिल पाहून बायको म्हणाली, "मला आवडलं हे शेवाळ." कौतुकाचा पहिला शब्द तो.

शेवटी ठाण्याचा मुलगा म्हणाला, "काका, नुसतं दूध तापवून दही होईल का? विरजण लावा."

हे मला आधी सुचायला हवं होतं. कोरडे दगड, नवी काच, विकतचं मीठ. बी येणार कुठून? त्यानं मला घरी बोलावलं. त्याच्या टाकीत राणी रंगाचं राज्य होतं. त्यानं मागच्या काचेवरून खरवडलेल्या चिमूटभर खपल्या आणि सुपारीएवढा एक गुलाबी खडा असं वाण मला त्याच्याच टाकीच्या पाण्यात घालून दिलं. मी नेलेला स्टीलचा डबा त्यानं बघितला आणि न बोलता स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचा आणला. मिठाच्या पाण्याला धातू वर्ज्य. त्याची आई म्हणाली, "काकांना तो चांगला झाकणाचा दे, इडलीच्या चटणीचा."

ठाण्याहून सिंहगड एक्सप्रेस पकडली. डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. हवा लागून कोरलाइन वाळलं की मरतं आणि पांढरं पडतं, म्हणून डबा आडवा होऊ द्यायचा नव्हता. समोर एक आजी-आजोबा बसले होते. कल्याण गेलं तसं आजींना राहवेना.

"अस्थी का हो?"

"नाही, नाही."

"मग एवढं जपून?"

खोटं बोलवेना. "शेवाळ आहे."

आजींनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खिडकीकडे. कर्जतला घाटासाठी मागून जादा इंजिन लागतं तेवढा वेळ गाडी थांबते आणि वडे येतात. माझे दोन्ही हात अडकलेले. आजींनी वड्याचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला, जसा एखाद्या बिचाऱ्याच्या घालावा तसा, आणि लोणावळ्यापर्यंत मला काहीही विचारलं नाही.

घरी येऊन खडा दगडांच्या खोबणीत ठेवला, खपल्या पंपाच्या धारेपुढे सोडल्या. गुलाबी चुरा पाण्यात भिरभिरला आणि नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघायला गेलो. दुसऱ्या दिवशी! दही लागायला एक रात्र पुरते, याला महिने लागतात. हे माहीत असूनही मी रोज सकाळी बॅटरी आणि भिंग घेऊन दगड तपासत होतो.

मध्ये एप्रिल गेला. बाहेर अडतीस, टाकीत पंचवीस-सव्वीस हवं. टेबलफॅन टाकीच्या तोंडावर लावला, म्हणजे बाष्पीभवनानं पाणी गार राहतं. पण मग रोज तीन-चार लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, तीही आरओच्या. घरातला फॅन टाकीकडे, आरओचं पाणी टाकीला, वीज गेली की इन्व्हर्टर आधी टाकीचा. कुटुंबप्रमुख कोण, हा प्रश्न त्या महिन्यात निकालात निघाला.

आणि हिरव्या केसांवर उपाय म्हणून ठाण्याच्या मुलानं एक समुद्री अर्चिन उसना दिला. काळा काटेरी गोळा, लिंबाएवढा. याच्या जबड्यात पाच दात असतात आणि त्या जबड्याला अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. नाव ऐकून मी आदरानं वागलो. आठ दिवसांत त्यानं हिरवे केस सफाचट केले. नवव्या दिवशी मी विरजणाच्या खड्याकडे पाहिलं. त्यावर पांढऱ्या रेघा. बारीक, वळणदार, कुणी खडूनं गिरवल्यासारख्या. कंदील घेऊन तो माझा एकुलता एक गुलाबी खडा खात होता. अर्चिनांना कोरलाइन आवडतं, हे मला सांगायचं राहून गेलं असं त्या मुलाचं म्हणणं. गोळा पुढच्या सिंहगडनं सासरहून माहेरी गेला.

जानेवारीत भाचीच्या लग्नाला मालवणला गेलो होतो. सकाळी ओहोटी लागलेली, म्हणून सहज खडकांवर गेलो. एका खळग्यात साचलेल्या पाण्यात पाहिलं आणि खालीच बसलो. खळगा आतून गुलाबी. शेजारचाही. खडकाच्या पोटाखाली, सावलीच्या बाजूला, मैलभर नाही पण नजर जाईल तिथवर डाग, ठिपके, पुटं. ना चाचणी, ना सलाईन, ना चिंतामणी. कोयतीनं कालवं काढणारी एक बाई माझ्याकडे बघत होती. मी त्या गुलाबीवरून बोट फिरवत होतो, नखानं खरवडून बघत होतो. निघत नव्हतं. खरं होतं.

"तेचा काय करतलास?" ती म्हणाली. "ता कोण खाय नाय."

मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. तिथला खडा उचलायचा नसतो. मी उचलला नाही. पण खळग्यावर वाकून इतका वेळ बसलो होतो, की मुहूर्त टळायला आला आणि बायकोला मला शोधत वाळूतून पैठणी सावरत यावं लागलं. तिनं पाहिलं. खळगा पाहिला, मग आपला पदर पाहिला.

"रंग चांगला आहे," ती म्हणाली. "पण आधी अक्षता."

पुण्याला परतलो तेव्हा आठ दिवस टाकी आईच्या ताब्यात होती. भीतभीत दिवा लावला. दगड होते तसेच पांढरे. पण पंपाच्या काळ्या प्लॅस्टिकवर, मागच्या बाजूला, जिथे मी कधी बघतच नव्हतो तिथे, मोहरीएवढा एक ठिपका. नख लावलं. नाही निघाला. भिंगातून पाहिलं तर ठिपक्याची कड फिकट, जवळजवळ पांढरी, म्हणजे वाढती. मग दुसरा दिसला, हीटरच्या वायरवर. तिसरा मागच्या काचेवर. ज्या दगडांसाठी एवढा खटाटोप केला ते सोडून बाकी सगळीकडे. पेढे या वेळी आणले नाहीत. आईला विचारलं, "काय घातलंस?" ती म्हणाली, "काही नाही. तू नव्हतास, म्हणून कुणी सारखा हात घालत नव्हतं."

हे खरं असण्याची दाट शक्यता आहे. आकडे आज 380, उद्या 460 असे उड्या मारत राहिले तर गवंडी काम टाकून जातो. आकडा कोणता, यापेक्षा तो रोज तोच असणं त्याला जास्त मानवतं.

त्याला आता दीड वर्ष झालं. दगड गुलाबी झाले, अगदी फोटोतल्यासारखे. पंप गुलाबी झाला, हीटर गुलाबी झाला, थर्मामीटरवरचे आकडे दिसेनासे झाले. गोगलगायी शंखावर पुटं घेऊन हिंडतात. आणि समोरची काच. समोरच्या काचेवर आधी ठिपके आले, मग ठिपक्यांच्या टिकल्या झाल्या, मग टिकल्या एकमेकींना भेटल्या. मागच्या महिन्यात मेहुणा आला आणि विचारलं, "मासे काढून टाकलेस का?"

म्हणून आता दर रविवारी सकाळी मी दाढीचं पातं घेऊन समोरची काच खरवडतो. नखाला दाद देत नाही, त्याला पातंच लागतं. करकर आवाज होतो, दातांवर शहारे येतात. दोन रविवारांत पातं गंजतं. कॅल्शियम सुरूच ठेवावं लागतं, कारण आता दगडांवरचं कोरलाइनच इतकं कॅल्शियम खातं की आकडा उतरतो. म्हणजे शनिवारी रात्री मी ते वाढावं म्हणून सलाईन लावतो आणि रविवारी सकाळी खरवडून काढतो. वहीत दोन्ही नोंदी शेजारीशेजारी आहेत. परवाच्या सोसायटीच्या सभेत ब्लीचिंग पावडरचा विषय पुन्हा निघाला तेव्हा सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्याकडचं कसं काढता?" मी सांगितलं. त्यांनी ते मिनिट्समध्ये घेतलं.

खपल्या मी टाकून देत नाही. चिमूटभर का होईना, चांगलं विरजण आहे. नव्या टाकीवाल्यांना दोन-तीन महिने तरी वाचतील. ज्यांना हवं असेल त्यांनी रविवारी दहाच्या आत यावं, मग मी हात धुऊन बसतो. येताना स्वतःच्या टाकीचं पाणी भरून डबा आणावा. स्टीलचा चालत नाही. आणि ठाण्याच्या त्या माउलींचा इडलीच्या चटणीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. कुणी सिंहगडनं तिकडे जाणारं असेल तर तेवढा घेऊन जावा.